खाण तशी माती, आता प्रमाणपत्रासह

‘खाण तशी माती’ हे आपण सहज बोलून जातो. मूल हुशार निघालं की कौतुकानं, वाया गेलं की नाक मुरडून. दोन्ही वेळा म्हणायचं एकच असतं: जे व्हायचं ते जन्माआधीच ठरलेलं होतं. म्हण म्हणून हे फारसं कुणाच्या अंगावर येत नाही, कारण म्हणीच्या जोरावर कोणी कोणाला नोकरी देत नाही की विमा नाकारत नाही. उद्या याच म्हणीवर प्रयोगशाळेचा शिक्का बसला, खाली सही आली, शेजारी टक्केवारी छापली गेली, तर?

जनुकीय सुधारणेमुळे माणसांत नवी फूट पडेल का, ही चर्चा बहुतेक वेळा एका ठरावीक चित्रापाशी जाऊन थांबते. एकीकडे उंचेपुरे, कधी आजारी न पडणारे, तल्लख लोक. दुसरीकडे उरलेले सगळे. काहींना तर माणसाच्या दोन प्रजाती होतील अशी भीती वाटते. प्रजाती वेगळ्या व्हायच्या तर दोन गटांत पिढ्यानपिढ्या संबंध येता कामा नयेत, आणि माणूस या बाबतीत कधीच एवढा शिस्तीचा नव्हता. ती काळजी तूर्त बाजूला ठेवू. माझी त्या चित्राबद्दलची तक्रार निराळीच आहे. ते तंत्रज्ञानावर नको तितका विश्वास टाकतं. फूट पडायला तंत्रज्ञान यशस्वी व्हावं लागत नाही. ते यशस्वी झालंय असं पुरेशा लोकांना वाटलं आणि तसं कागदावर दाखवता आलं, की भागतं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बातम्यांत त्या सर्रास एकत्र कालवल्या जातात. पहिली, आजारी माणसाच्या शरीरपेशींतलं जनुक दुरुस्त करणं. हा बदल त्या माणसाबरोबरच संपतो. दुसरी, आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत, तयार झालेल्या भ्रूणांची जनुकीय तपासणी करून त्यातलं एक निवडणं. इथे काहीच बदललं जात नाही, पाच-सहांतून एक उचललं जातं. तिसरी, भ्रूणाच्याच जनुकांत बदल करणं. हा बदल त्या मुलात तर राहतोच, शिवाय त्याच्या मुलांतही उतरू शकतो.

पहिल्या प्रकाराविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. २०२५ साली अमेरिकेत एका तान्ह्या मुलावर, त्याच्या एकट्याच्या जनुकातल्या दोषासाठी, काही महिन्यांत खास तयार केलेलं औषध वापरलं गेलं. अमोनिया शरीराबाहेर टाकता न येणारा तो दुर्मीळ आजार बऱ्याच बालकांचा जीव घेतो. असं काही वाचलं की विज्ञानावर लेख लिहिणाऱ्या माणसानं थोडा वेळ गप्प बसावं हे बरं.

तिसऱ्या प्रकाराचं नाव सगळ्यांना माहीत झालं ते २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये. चीनच्या शेनझेन शहरातल्या हे च्यानक्वे या संशोधकानं जुळ्या मुलींच्या भ्रूणांत क्रिस्पर या जनुकं कापून बदलण्याच्या तंत्रानं बदल केल्याचं जाहीर केलं. एचआयव्ही ज्या प्रथिनाच्या वाटेनं पेशीत शिरतो ते बनवणारं सीसीआरफाइव्ह जनुक बंद पाडायचा त्याचा प्रयत्न होता. प्रत्यक्षात काही माणसांत निसर्गतःच आढळणारा नेमका बदल तिथे झालाच नाही, काहीतरी वेगळंच घडलं. २०१९ च्या अखेरीला त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास आणि ३० लाख युआन दंड झाला. त्या मुली कोण आहेत हे जगाला कळू दिलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. एवढी खळबळ झाली म्हणून आपल्याला वाटतं की धोका तिसऱ्या प्रकारात आहे.

मला धोका दुसऱ्या प्रकारात जास्त दिसतो. तिथे खळबळ नाही, शिक्षा नाही, आणि विक्री सुरू झालेली आहे. अमेरिकेतल्या काही कंपन्या भ्रूणांना ‘पॉलिजेनिक स्कोअर’ देतात. हजारो जनुकीय फरकांची प्रत्येकी इवलीशी भर घेऊन काढलेली ही बेरीज असते: मधुमेहाची शक्यता एवढी, हृदयविकाराची तेवढी. काही कंपन्या उंची आणि बुद्ध्यंकापर्यंतही जातात.

या बेरजेत किती दम आहे? उंचीचं उदाहरण घेऊ, कारण उंची मोजायला सोपी आणि बरीचशी आनुवंशिक. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी जोडलेले १२,१११ जनुकीय फरक सापडले. ‘उंचीचं जनुक’ असं काही नसतं, एक आख्खं गाव असतं. इतक्या ठिकाणी कात्री चालवणं आजच्या तंत्राला शक्य नाही. मग राहिली निवड. ‘सेल’ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या एका अभ्यासानं याचा हिशोब मांडला: दहा भ्रूणांमधून सर्वांत जास्त स्कोअरचं निवडलं, तर सरासरीपेक्षा उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यंकात सुमारे अडीच गुणांचा फायदा अपेक्षित. तोही सरासरीनं, एखाद्या घरात उलटंही होऊ शकतं. शिवाय प्रत्येक जोडप्याला दहा निरोगी भ्रूण मिळतातच असं नाही.

अडीच गुण म्हणजे किती? एखाद्या मुलाची बुद्ध्यंक चाचणी आज घेतली आणि झोप कमी झालेली असताना पुन्हा घेतली तर एवढा फरक सहज पडेल. याउलट आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागांतली मुलं आणि पुरेसं आयोडीन मिळणारी मुलं यांच्या बुद्ध्यंकात निरनिराळ्या अभ्यासांना सुमारे ७ ते १३ गुणांचं अंतर दिसलं आहे. स्वित्झर्लंडनं मिठात आयोडीन मिसळायला १९२२ साली सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वीचा, जवळपास फुकटातला हा उपाय भ्रूणनिवडीच्या तिप्पट ते पाचपट काम करतो. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही, कारण तो सगळ्यांना मिळतो. सगळ्यांना मिळणारी गोष्ट आपल्या मुलाला पुढे काढत नाही.

इथे माझ्या मुद्द्याची नस आहे. पालकांना मूल हुशार हवं असतं हे खरंच. पण त्यातल्या पैसेवाल्यांना ते इतरांपेक्षा हुशार हवं असतं, आणि बाजार याच दुसऱ्या इच्छेवर चालतो. ही इच्छा कधी भागत नाही, हे एका औषधाच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. त्या औषधाचा जनुकसंपादनाशी थेट संबंध नाही, पण उद्याची चुणूक त्यात आहे.

वाढीचं संप्रेरक, ग्रोथ हॉर्मोन, पूर्वी मृतदेहांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून काढावं लागे. पुरवठा अगदी तुटपुंजा. ज्या मुलांच्या शरीरात ते तयारच होत नाही, त्यांच्यापुरतंच ते असे, आणि त्यांनाही पुरत नसे. १९८५ मध्ये अशा संप्रेरकातून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं लक्षात आलं आणि तो पुरवठा थांबला. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकतंत्रानं बनवलेलं संप्रेरक बाजारात आलं. आता ते हवं तितकं बनवता येत होतं. आणि मग एक गंमत झाली, म्हणजे गंमत म्हणायची तर. औषध भरपूर झालं तसा आजारही मोठा होत गेला. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ज्यांच्यात संप्रेरकाची काहीही कमतरता नाही, पण जी मुलं नुसतीच बुटकी आहेत, त्यांच्यासाठीही ते मंजूर केलं. निकष काय? उंचीच्या क्रमवारीत सर्वांत खालचे १.२ टक्के.

हा निकष नीट पाहा. टक्केवारीवर आधारलेला आजार कधीच बरा होऊ शकत नाही. आज तळाशी असलेल्या सगळ्या मुलांना इंजेक्शनं देऊन वर काढलं, तरी उद्या तळाशी कोणीतरी असणारच, आणि ते पुन्हा १.२ टक्केच असणार. मधल्या काळात ज्यांना कित्येक वर्षं रोज टोचून घेणं परवडलं ते रांगेत पुढे सरकले, आणि ज्यांना नाही ते काहीच न करता मागे गेले. त्यांची उंची एक मिलिमीटरही कमी झाली नव्हती. त्यांना फक्त नवीन नाव मिळालं.

म्हणूनच उपचार आणि सुधारणा यांच्यात रेघ ओढून तिच्या पलीकडे बंदी घालू, हा उपाय मला अपुरा वाटतो. तो अगदी टाकाऊ नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालानं हीच रेघ धरली होती: गंभीर आजारासाठी भ्रूणातल्या बदलाचं दार कडक अटींवर किलकिलं ठेवा, सुधारणेसाठी नको. पण ती रेघ ओढणारा हात बाजाराच्या बाजूनं सरकत राहतो, हे वाढीच्या संप्रेरकानं दाखवलं. कमी झोपेवर भागणं ही सवय की क्षमता? परीक्षेच्या हॉलमध्ये लक्ष न लागणं हा स्वभाव की विकार? पुरवठा वाढला की उत्तरं बदलतात.

आता शिक्का मारलेल्या त्या कागदाकडे येऊ.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टननं १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतात, आणि तो शब्द ऐकायला इतका सोज्वळ आहे की त्याच्यामागे शस्त्रक्रियेचं टेबल होतं हे लक्षातही येत नाही. १९०७ मध्ये अमेरिकेच्या इंडियाना राज्यानं सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. पुढे अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांवर असं निर्बीजीकरण झालं. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली सुमारे चार लाख. हिटलरचं नाव आलं की आपण हा विषय एका वेड्या राजवटीच्या खात्यात टाकून मोकळे होतो, म्हणून स्वीडनचा आकडाही सांगायला हवा: १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत सुमारे ६३,०००, लोकशाही सरकारांच्या काळात, कल्याणकारी राज्य उभारता उभारता.

या सगळ्याच्या मुळाशी विज्ञान किती होतं? आनुवंशिकतेचा रेणू डीएनए आहे याचा पहिला भक्कम पुरावा १९४४ चा. त्याची रचना कळली १९५३ मध्ये. म्हणजे हे कायदे करणाऱ्यांना आपण कशाबद्दल कायदा करतोय हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे होते ते तक्ते, वंशावळी, मुलाखती घेणाऱ्या कार्यकर्त्यांची मतं आणि ‘मंदबुद्धी’ नावाचा शिक्का. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचं निर्बीजीकरण आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवलं. न्यायमूर्ती होम्सनी लिहिलं, मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन. तपासणारीला ती काही महिन्यांची असताना ‘नीट वाटली नव्हती’. हीच मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली, आणि आठव्या वर्षी आजारानं गेली. कॅरीला ते मूल बलात्कारातून झालं होतं, हेही त्या निकालपत्रात कुठे नाही.

तेव्हाचा शिक्का सरकार मारत होतं, आताचा आपण पैसे देऊन मारून घेऊ, हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. स्वतःच्या मर्जीनं घेतलेला निर्णय आणि पोलिसांच्या धाकानं झालेली शस्त्रक्रिया यांना एका पारड्यात टाकणं कॅरी बकवर अन्याय होईल. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे: मोजमापाच्या नावाखाली समाजातली जुनी उतरंड आकड्यांत शिरते आणि निसर्गाचा कौल म्हणून बाहेर येते.

आजच्या स्कोअरमध्येही ती शिरलेली आहे. २०१८ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी एक सुरेख प्रयोग केला. आईवडिलांच्या जनुकांपैकी अर्धीच मुलाकडे जातात. उरलेली अर्धी जात नाहीत. त्यांनी ही न गेलेली अर्धी तपासली. मुलाच्या शरीरात नसलेल्या या जनुकांचाही त्याच्या शिक्षणाशी संबंध निघाला, मिळालेल्या जनुकांच्या परिणामाच्या सुमारे ३० टक्के इतका. जे जनुक मुलात नाहीच ते त्याला शिकवणार कसं? अर्थातच घरातून. आईवडील तसे होते, म्हणून घर तसं होतं. म्हणजे शिक्षणाचा जो ‘जनुकीय’ स्कोअर आपण म्हणतो, त्यात घराची पुस्तकं, शांतता आणि सुबत्ताही मोजली गेलेली असते. भ्रूण निवडणाऱ्या जोडप्यापुढे तर सगळी एकाच घरातली भावंडं असतात. घर सगळ्यांना सारखंच मिळणार, आणि भावंडांची आपसांत तुलना केली की या स्कोअरची भाकीत करण्याची ताकद बरीच घसरते. विकताना हे ठळक अक्षरांत सांगितलं जात असेल असं मला वाटत नाही.

त्यात आणखी एक भेग आहे. २०१९ च्या एका पाहणीनुसार अशा जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे त्यांच्यावर बेतलेला स्कोअर इतरांना लावला की चुकतो, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बाबतीत तर कित्येक पटींनी. ज्यांची माहिती कमी त्यांचे आकडे गढूळ, आणि गढूळ आकड्यांच्या माणसाकडे यंत्र संशयानं पाहणार. नवी फूट जुन्याच भेगांवरून चालायला लागते ती अशी.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं आणि ते पोकळ नाही. निसर्ग तरी कुठे समान वागतो? फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टिरांता याचं उदाहरण घ्या. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं, कारकिर्दीत एकूण सात ऑलिंपिक पदकं. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी इतक्या जास्त की उत्तेजक घेतल्याचा संशय येई. तीन दशकांनी उलगडा झाला: त्याच्या घराण्यातच एका जनुकात बदल होता आणि त्यामुळे शरीर जन्मतःच जास्त रक्तपेशी बनवत होतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २००३ मध्ये ‘जनुकीय डोपिंग’ला बंदी घातली. म्हणजे जे मॅन्टिरांताला जन्मानं मिळालं ते दुसऱ्यानं इंजेक्शननं घेतलं तर गुन्हा. हा अन्याय नाही का?

थोडासा आहे. पण निसर्गाच्या सोडतीत एक गुण असतो: ती बँकेचं खातं पाहत नाही. मॅन्टिरांताचं ते जनुक कोणी विकत घेतलं नव्हतं आणि घेऊही शकलं नसतं. गरिबाघरी असामान्य गळा जन्मतो, श्रीमंताघरी बेसूर. या बेहिशोबीपणामुळेच समाजातल्या पायऱ्या पिढी-दोन पिढ्यांत थोड्या हलतात. सुधारणेचा बाजार हीच हालचाल अडवतो. पैशाचा वारसा आणि जनुकांचा वारसा आतापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी येत होते, त्यांची एकच वाट होते. त्यात माणसं लग्नं आपल्यासारख्यांशीच करतात. शिक्षणाच्या बाबतीत ते आजही दिसतं. उद्या स्कोअरच्या बाबतीतही दिसेल.

दुसरा आक्षेप असा की श्रीमंत आजही मुलांना महागड्या शाळा, खाजगी शिकवण्या, प्रवास, ओळखी देतातच. जनुकांनीच काय पाप केलं? मलाही हा आक्षेप बराच काळ बिनतोड वाटत होता. शिकवणी आणि जनुक यांत एक साधा फरक आहे, तो काळाचा. शिकवणी सातवीत लावता येते, नववीत सोडता येते, नाही लावली तर तिशीतही शिकता येतं. भ्रूणातला बदल एकाच क्षणी होतो, जन्माच्या नऊ महिने आधी. ती गाडी चुकली की पुढचं स्थानक नाही.

‘मोबाइलही आधी श्रीमंतांकडेच होते’ हे म्हणणं म्हणूनच लंगडं पडतं. मोबाइल स्वस्त झाल्यावर चाळीस वर्षांच्या माणसालाही घेता आला. उद्या भ्रूणसुधारणा स्वस्त झाली तर ती उद्याच्या भ्रूणांना मिळेल. आज ज्यांची गाडी चुकली त्यांना नाही. आणि ती स्वस्त होईल याची तरी काय खात्री? पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९७८ चं. जवळजवळ पन्नास वर्षं झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगात सहापैकी एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. त्यातल्या बहुसंख्यांच्या दृष्टीनं आयव्हीएफ आजही परवडण्यापलीकडचं आहे. भ्रूण निवडायचं वा बदलायचं तर आधी आयव्हीएफ आलंच.

काळाच्या या फरकाचा एक परिणाम माझ्या वाचनात फारसा चर्चिला गेलेला नाही, तो घरातल्या घरात होणारा आहे. समजा सुधारणा खरोखर काम करू लागली आणि दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती येऊ लागली. थोरली त्या वर्षीच्या आवृत्तीत जन्मलेली, धाकटा पाच वर्षांनंतरच्या. थोरलीचं काय? तिला अद्ययावत करता येणार नाही. आजही पालक भावंडांत तुलना करतात आणि त्यानं होणारी जखम किती खोल जाते ते कोणाला सांगायला नको. पण आजच्या तुलनेला पळवाट असते: ‘ती चित्रं छान काढते, तो गणितात हुशार.’ दोघांवर किती खर्च केला आणि काय मागवलं होतं याची पावती कपाटात असेल तेव्हा ही पळवाट उरणार नाही. वर्गावर्गांतल्या भिंतीची आपण काळजी करतो. ही भिंत जेवणाच्या टेबलावर उभी राहील.

आणि ज्यांनी काहीच विकत घेतलं नाही त्यांचं? इथे डेन्मार्ककडे पाहावं. २००४ पासून तिथे सर्व गर्भवतींना डाऊन सिंड्रोमसाठी तपासणी देऊ केली जाते. कोणावर सक्ती नाही. तरी असे जन्म झपाट्यानं घटले. कोणत्याही एका जोडप्याच्या निर्णयात मला दोष दिसत नाही आणि तो शोधायचा अधिकारही नाही. पण सगळ्या निर्णयांची बेरीज झाल्यावर असं मूल असलेल्या आईला विचारला जाणारा प्रश्न बदलतो. पूर्वी लोक हळहळत. आता विचारतात, ‘आधी कळलं नव्हतं का?’ नशिबाची गोष्ट निवडीची झाली की मदतीचा हक्क पातळ होतो. उद्या मधुमेह झालेल्या तरुणालाही कोणीतरी म्हणेल की तुझ्या आईवडिलांनी पाचशे रुपयांचं पाहिलं आणि पाच लाखांचं गमावलं. ज्या समाजात आजार हा कुणाचा तरी हलगर्जीपणा ठरतो, तिथे इतरांच्या उपचारासाठी कर भरायला लोक किती काळ तयार राहतील?

आजच्या उपचारांतली दरी तर समोरच आहे. सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारावरचं क्रिस्परवर आधारलेलं पहिलं औषध ब्रिटननं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलं आणि अमेरिकेनं डिसेंबरमध्ये. अमेरिकेतली किंमत माणशी २२ लाख डॉलर. शिवाय केमोथेरपी आणि काही आठवडे सुसज्ज रुग्णालयात मुक्काम. सिकल सेल घेऊन जन्मणारी सुमारे तीन चतुर्थांश मुलं सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात, जिथे अनेकांना साधं निदानही वेळेत मिळत नाही. ज्यांचा आजार, त्यांच्यापर्यंत न पोचणारं औषध ही एक शोकांतिका झाली. हेच तंत्र आजार नसलेल्यांच्या सोयीसाठी आधी धावलं तर तिला दुसरं नाव शोधावं लागेल.

मग करायचं काय? नुसती जागतिक बंदी टिकणार नाही. युरोपच्या १९९७ च्या ओव्हिएदो करारानं पुढच्या पिढ्यांत उतरणारे जनुकीय बदल निषिद्ध केले, पण ब्रिटन आणि जर्मनीनं त्यावर सहीच केली नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांनी तीन व्यक्तींच्या डीएनएतून बाळ जन्माला घालण्याचं तंत्र वापरायला थेट मेक्सिको गाठलं, कारण अमेरिकेत परवानगी नव्हती. पैसेवाल्याला सीमा ही फक्त विमानाच्या तिकिटाएवढी अडचण असते. तरी भ्रूणातल्या बदलांवर सध्या स्थगिती असावी असंच माझं मत आहे, कारण तिथली चूक दुरुस्त करता येत नाही आणि ज्याच्यावर ती होते त्याला विचारताही येत नाही. आजार नसलेल्या गुणांसाठी स्कोअर विकणं तर सरळ ग्राहकाची फसवणूक म्हणून हाताळावं. त्यासाठी नीतिशास्त्राची गरज नाही, वजनमापाचा कायदा पुरेसा आहे. शरीरपेशींवरचे उपचार मात्र सार्वजनिक पैशानं, आजार जिथे जास्त तिथे आधी.

खरी लढाई कागदाची आहे, आणि तिथे कायदे अर्धवट आहेत. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यानं नोकरी आणि आरोग्य विम्यात जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला मनाई केली. आयुर्विमा, अपंगत्वाचा विमा, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा यांना ती लागू नाही. कॅनडाचा २०१७ चा कायदा पुढे गेला. कोणताही करार करताना वा सेवा देताना जनुकीय चाचणीची अट घालणं, निकाल मागणं हा तिथे गुन्हा आहे; २०२० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. पण त्यातही एक दार उघडं आहे. माणसानं लेखी संमती दिली तर निकाल घेता येतो, वापरता येतो.

विचारायला बंदी आणि आपणहून सांगायला मोकळीक, यातून काय होतं ते पाहा. ज्याचा स्कोअर उत्तम तो न विचारता सांगतो. मग मध्यम स्कोअरवाला विचार करतो, गप्प राहिलो तर आपल्याला वाईटांत धरतील, आणि तोही सांगतो. शेवटी फक्त तेच गप्प उरतात ज्यांचा आकडा वाईट आहे किंवा ज्यांनी चाचणीच केलेली नाही. त्यांचं गप्प राहणं हेच उत्तर म्हणून वाचलं जातं. म्हणून बंदी मागण्यावर असून पुरत नाही, घेण्यावर हवी. कागद समोर आणून ठेवला तरी शाळेनं, मालकानं, विमा कंपनीनं तो हातात घेता कामा नये, आणि संमतीनंही ती मनाई शिथिल होता कामा नये. हे ऐकायला जुलमी वाटतं. माझीच माहिती मी का सांगू नये? पण लहान मुलाच्या वतीनं संमती देतं कोण? प्रवेशअर्जाच्या खाली सही त्यांचीच असते, ज्यांनी भ्रूण निवडायला पैसे मोजले होते.